जर्मनीतील जुने चांदीचे नाणे कसे ओळखावे

सोलापूरच्या सराफ बाजारात मोडीच्या चांदीत लॅटिन अक्षरांचे एखादे मोठे नाणे दिसले, तर ते चिंचेने घासण्याआधी काट्यावर ठेवावे. पवित्र रोमन साम्राज्यातील, म्हणजे जर्मन प्रदेशांच्या जुन्या साम्राज्यातील, ड्यूक, काउंट, बिशप आणि मुक्त नगरे आपापली नाणी पाडत असली, तरी थालर या मोठ्या चांदीच्या नाण्याचे वजन साम्राज्याच्या कायद्याने बांधलेले होते. १५६६ च्या नियमानुसार थालर २९.२३ ग्रॅमचा, म्हणजे अडीच तोळ्यांचा, भरे आणि त्यात सुमारे २६ ग्रॅम शुद्ध चांदी असे. १७५३ नंतरचा कन्व्हेन्शन थालर, म्हणजे करारानुसार पाडलेला थालर, २८.०६ ग्रॅमचा आहे. याच वजनाच्या नाण्यावर ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा हिची मुद्रा आणि १७८० हे साल असेल, तर सालावर विसंबू नये. हे नाणे त्याच सालाने पुढे दीर्घकाळ पाडले गेले, दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या टांकसाळीतही.

वजन जुळल्यावर चित्राभोवती कडेलगत फिरणारा लेख वाचावा. औरंगजेबाच्या रुपयावर सोलापूर टांकसाळीचे नाव वाचणाऱ्या संग्राहकाने येथे गावाचे नाव शोधत बसू नये, कारण पुष्कळदा टांकसाळ-अधिकाऱ्याची आद्याक्षरेच असतात. राजाच्या नावापुढील डी. जी. म्हणजे ‘ईश्वरकृपेने’, त्यानंतर पदवी येते, ‘डुक्स’ म्हणजे ड्यूक, ‘कोमेस’ म्हणजे काउंट. यू हे अक्षर व्हीसारखे कोरलेले असते.

लेख झिजला असेल, तर चित्र उपयोगी पडते. जर्मन संस्थानांपैकी झाड हाती धरलेला रानमाणूस ब्रन्सविकचा, ड्रॅगनला मारणारा घोडेस्वार संत जॉर्ज मान्सफेल्डचा, तर हरिण श्टोलबेर्गचे. ब्रन्सविकची नाणी मला सर्वांत मोलाची वाटतात, कारण हाइनरिख युलियस या ड्यूकने सरदारांशी चाललेला आपला वाद थेट चांदीवर मांडला. १५९९ च्या त्याच्या थालरवर गांधीलमाश्यांनी घेरलेला सिंह आहे. साल नसल्यास दुसऱ्या बाजूच्या दुतोंडी गरुडाभोवती सम्राटाचे नाव पाहावे. माटियास असेल, तर नाणे साधारण १६१२ ते १६१९ मधले.

क्रॉस असलेल्या गोलात २४ हा आकडा दिसला, तर ते थालरचा चोविसावा भाग असलेले लहान नाणे होय. त्यावर १६१९ ते १६२३ मधले साल असेल, तर विशेष सावध राहावे, कारण त्या काळात अनेक संस्थानांनी चांदीत बेसुमार तांबे मिसळले. अशा नाण्याचा वरचा थर चांदीचा असू शकतो आणि सराफाचे कस तपासणारे क्ष-किरण यंत्र मुख्यतः पृष्ठभागच मोजते. म्हणून कस कानशीने न पाहता, झिजलेल्या उंचवट्यांवर तांबूस छटा दिसते का, हे भिंगातून तपासावे.