मॉडेलमधल्या दिव्याला किती नंबरची तार?

गणपतीच्या आराशीसाठी जुन्या नाशकातल्या वाड्याचं मॉडेल करणारी मुलं माझ्याकडे आली की पहिला प्रश्न ठरलेला: "काका, तार किती नंबरची घेऊ?" मी विचारतो, ती तार दिसणार आहे की लपणार? आणि तिच्यावर दिवे किती? या दोन उत्तरांवर तार ठरते.

दिसणारी तार आधी घेऊ. १:१०० च्या मॉडेलमध्ये ३६ गेजची (गेज म्हणजेच तारेचा नंबर) तार, म्हणजे ०.१९ मिमी, खऱ्या वाड्यात अंगठ्याएवढी जाड होते. ओटीवरच्या कंदिलाला ती शोभत नाही. तिथे ४२ गेजची, ०.१ मिमीची इनॅमलची, म्हणजे वर वीज अडवणारा पातळ लेप असलेली, तांब्याची तार घ्या. तुळईच्या कडेने चिकटवून रंगाचा हात दिला की ती नजरेत येत नाही. देवळीतल्या दिव्याची तार मागच्या भिंतीत जाते, तिथे ३६ बिनधास्त चालते. हाताळायलाही ती सोपी.

एका एलईडीला मॉडेलमध्ये ५ मिलिअँपिअर पुरतात. खरं तर २० देऊच नका, वाड्यात हॅलोजन लावल्यासारखं दिसतं. इतक्या प्रवाहाला ४२ गेजचीही अडचण नाही. तिचा रोध मीटरला साधारण २.२ ओहम, जाऊन-येऊन २ मीटर धरली तरी व्होल्टेज ०.०२ ने पडतं.

घोळ होतो तो सगळे दिवे त्याच बारीक तारेवर जोडल्यावर. ५ व्होल्टचा चार्जर, ३० पांढरे एलईडी, प्रत्येकाला प्रवाह आवरणारा ४०० ओहमच्या आसपासचा रेझिस्टर, आणि मुख्य लाइन ती २ मीटर ४२ गेजची. पांढरा एलईडी स्वतःच ३ व्होल्ट घेतो, म्हणजे रेझिस्टरसाठी उरतात जेमतेम २. त्यातलंही तारेत गेलं की प्रवाह जवळपास चौथाईने घटतो. एकच दिंडी दरवाजा लावून पाहिला तेव्हा लख्ख होता आणि माडी जोडल्यावर सगळा वाडा मंदावला, तर दोष एलईडीत शोधू नका, मुख्य लाइन बदला. पाटाखालून ७/३६ ची प्लास्टिक आवरणाची वायर फिरवा, म्हणजे ३६ गेजचे सात पदर. खाली जाडीचं काय जातंय! प्रत्येक दिव्याची बारीक तार तिथवर उतरवा. रेझिस्टरही खालीच बसवा.

ऑनलाइन मागवताना एक नक्की पाहा. आपल्या दुकानांत एसडब्ल्यूजी (ब्रिटिश गेज) चालतं, परदेशी मालावर बहुधा एडब्ल्यूजी (अमेरिकन गेज) असतं. ३६ एसडब्ल्यूजी ०.१९ मिमी, पण ३६ एडब्ल्यूजी ०.१३ मिमी. दोन्हींत नंबर वाढला की तार बारीक होते. मी नंबर सोडून मिलिमीटरच सांगतो.

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागात मोटर रिवाइंडिंगवाल्यांकडे उरलेली तार मिळू शकते. पण टोकाचं इनॅमल निघाल्याशिवाय सोल्डर धरत नाही, आणि मोटारीच्या तारेचं इनॅमल उष्णता सोसणारं असतं, सोल्डरिंग गनने सहसा जळत नाही. ३६ गेजला बारीक पॉलिश पेपरने टोक घासता येतं. ४२ घासताना तुटते. म्हणून बारीक तार घेताना थेट सोल्डर होणारी मागा, आणि दुकानातच टोकाला कथील धरतं का ते बघा.

छप्पर चिकटवण्याआधी सगळे दिवे तासभर चालू ठेवा. एखादा लुकलुकला तर त्याचं टोक पुन्हा साफ करून सोल्डर करा. छप्पर बसल्यावर तिथे चिमटा पोचत नाही.