‘समजलं का?’ विचारू नका : रुग्णाला औषधं समजावून सांगताना

मेडिकलच्या काउंटरवर किंवा उपकेंद्रात आपण भराभर औषधं सांगतो, शेवटी "समजलं का?" विचारतो आणि समोरच्या मावशी "हो" म्हणतात. या "हो"वर विसंबू नये. मागं रांग असते, लातूरची एसटी गाठायची असते, चारचौघांत अडाणी ठरायचं नसतं. त्यापेक्षा असं विचारा : "मावशी, घरी गेल्यावर ही गोळी कशी घेणार, सांगा बरं. माझ्याकडून सांगायचं काही राहिलं का, ते बघतो." चूक आपल्या अंगावर घेतली की माणूस मोकळं बोलतो, आणि नेमकं काय निसटलं ते अर्ध्या मिनिटात कळतं.

त्याआधी माणसाचा दिवस विचारून घ्या. चिठ्ठीवर १-०-१ (सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक) लिहिलेलं असतं, पण शेतावर जाणाऱ्याची सकाळ पाचला चहानं सुरू होते आणि पहिली भाकर अकराला पोटात जाते. उठता कधी, चहा कधी, भाकर कधी, झोपता कधी, एवढे चार प्रश्न पुरतात. मग गोळी घड्याळाला न बांधता या चार वेळांना बांधायची.

‘उपाशीपोटी’ हा शब्द सगळ्यात फसवा. चहानं एकादशी मोडत नाही, मग गोळीचा उपास कसा मोडेल, असा सरळ हिशोब असतो. म्हणून थायरॉइडच्या गोळीला "उपाशीपोटी" न म्हणता "चहाच्याही आधी, नुसत्या पाण्यासोबत" म्हणा. त्यानंतर अर्धा तास, जमलं तर तासभर, काही नको. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चालू असेल तर ती चार तासांनी, नाहीतर थायरॉइडचं औषध नीट शोषलं जात नाही. लोहाच्या गोळीच्या आगंमागं तासभर चहा टाळायला सांगा. शौचाला काळी होईल हेही आधीच सांगा, नाहीतर घाबरून गोळी बंद होते. पित्ताची पॅन्टोप्राझोलची गोळी न्याहारीच्या अर्धा तास आधी, आणि ती चावायची किंवा कुटायची नाही. तिच्यावरचा थर पोटातल्या आम्लापासून औषध वाचवण्यासाठीच असतो.

शुगरच्या गोळ्यांत दोन तऱ्हा आहेत, त्या एका दमात सांगू नका. मेटफॉर्मिन जेवणासोबत किंवा जेवून लगेच, नाहीतर मळमळ आणि जुलाब होतात. ग्लिमेपिराइड पहिल्या मोठ्या जेवणाच्या तोंडावर. ती पाचच्या चहासोबत घेऊन माणूस अकरापर्यंत कापूस वेचत राहिला तर साखर उतरते : दरदरून घाम, हातापायाला कापरं, डोळ्यांपुढं अंधारी. तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यायची आणि मग काहीतरी खायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन करायचा.

उपासाचं आपण होऊन विचारा. एकादशी, तुळजाभवानीच्या नवरात्राचे नऊ दिवस, रमजानचे रोजे. उपास सोडा म्हणण्यात अर्थ नाही. उपास सुटत नाही, सुटते ती गोळी, आणि आपल्याला कळतही नाही. डोस बदलून घ्यायला उपासाच्या आधीच डॉक्टरांकडं पाठवा.

लहान मुलांच्या औषधात मापाची चूक महाग पडते. पॅरासिटॅमॉलच्या थेंबांत साधारणपणे १ मिलीत १०० मिग्रॅ औषध असतं, तर नेहमीच्या सिरपात ५ मिलीत १२५ किंवा २५० मिग्रॅ. १० किलोच्या बाळाला एका वेळी १५० मिग्रॅ पुरतं, म्हणजे थेंबांचं औषध दीड मिली. सिरप समजून थेंबांच्या बाटलीतलं ५ मिली पाजलं तर ५०० मिग्रॅ पोटात जातं. बाटलीवरचा आकडा आईला दाखवा आणि मापाच्या टोपणावर पेननं रेघ मारून द्या. घरचा चमचा नको. कुणाच्या चमच्यात ३ मिली मावतं, कुणाच्या ७.

पावडरीचं अँटिबायोटिक शक्यतो दुकानातच कालवून द्या. घरी करायचं असेल तर क्रम असा. बाटली तळहातावर आपटून पावडर सुटी करायची. उकळून पूर्ण गार केलेलं पाणी निम्म्यापर्यंत घालायचं, हलवायचं. फेस बसला की खुणेपर्यंत पाणी भरून पुन्हा हलवायचं. बहुतेकांची चूक इथंच होते : कोरड्या पावडरीवर खुणेपर्यंत एकदाच पाणी ओततात, हलवल्यावर पातळी खाली जाते आणि औषध दाट राहतं. कालवलेलं औषध साधारण सात दिवस चालतं (लेबल बघावं). प्रत्येक वेळी हलवूनच द्यायचं. उरलेलं पुढच्या तापाला ठेवायचं नाही.

इन्सुलिनला आपल्याकडचा उन्हाळा सोसत नाही. परभणी-नांदेडला पारा ४२ च्या वर जातो, वरून लाईट जाते. न उघडलेली कुपी फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, बर्फाच्या कप्प्यापासून लांब. एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यायचं. फ्रिज नसेल तर एका वेळी एकच कुपी न्या म्हणावं. मोठ्या मडक्यात ओली वाळू, तीत लहान कोरडं मडकं, त्यात डबीत कुपी, वरून ओलं फडकं, आणि सगळं सावलीत. वाळू रोज भिजवायची. उघडलेली कुपी चार आठवड्यांत संपवायची, म्हणून उघडल्याची तारीख लेबलावर लिहा.

सिरिंज बघितल्याशिवाय माणसाला जाऊ देऊ नका. आपल्याकडच्या कुपीत बहुधा १ मिलीत ४० युनिट असतात, तिला लाल टोपणाची सिरिंज. नारिंगी टोपणाची १०० युनिटवाल्या इन्सुलिनसाठी. ४० च्या कुपीला नारिंगी सिरिंज लावली तर २० च्या रेघेवर खरे ८ युनिटच जातात आणि शुगर हटत नाही. उलट झालं, म्हणजे १०० चं इन्सुलिन लाल सिरिंजनं घेतलं, तर अडीचपट जातं, ते जिवावर बेतू शकतं.

संधिवाताचं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. रोज घेतलं तर जीव जाऊ शकतो. इथं आठवडी बाजाराचा दिवस कामी येतो : "बाजारच्या दिवशी, रात्री जेवून." पाकिटावर वाराचं नावही मोठ्या अक्षरांत लिहा. तोंडात फोड आले, ताप आला, तर गोळी थांबवून लगेच डॉक्टर.

वाचता न येणाऱ्यांसाठी पाकिटावर उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य, चंद्र काढा आणि खाली गोळ्यांएवढी टिंबं. गोळ्यांचं पान कापून देताना नाव आणि मुदतीची तारीख असलेला तुकडा शेवटी राहील असं कापा. दम्याच्या कॅप्सूल मशीनमध्ये घालून ओढायच्या असतात, गिळायच्या नसतात, हे हातानं करून दाखवा. नुसतं सांगून भागत नाही. गोळी विसरली आणि लवकर आठवली तर घ्यायची, पुढची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्यायची. दोन एकदम कधीच नाही.

पुढच्या वेळी घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणायला सांगा. सरकारी दवाखान्यातली मेटफॉर्मिन आणि खासगी डॉक्टरांनी कंपनीच्या नावानं दिलेली मेटफॉर्मिन, दोन्ही चालू असतात. रंग वेगळा, म्हणून औषध वेगळं वाटतं. त्याच पिशवीत अंगदुखीच्या गोळ्याही निघतात. उन्हात राबून घाम गाळणाऱ्यानं त्या रोज घेतल्या तर किडनीवर येतं, बीपी वाढतो, पोटात व्रण होतो.

बीड-धाराशिवकडच्या ऊसतोड कुटुंबांना दिवाळीच्या सुमारासच विचारून ठेवा, टोळी कधी निघणार आणि कुठल्या कारखान्यावर. बीपी, शुगर, फिट्सच्या गोळ्या महिन्याच्या न देता परत येईपर्यंत पुरतील अशा डॉक्टरांकडून लिहून घ्या. चिठ्ठीचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये काढून द्या, आणि गोळ्या कोपीत (ऊसतोडीच्या मुक्कामाच्या झोपडीत) पत्र्याखाली न ठेवता झाकणाच्या डब्यात, पाण्याच्या घागरीजवळ सावलीत ठेवायला सांगा.