नाशिकच्या पेठ-सुरगाण्याकडच्या वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनीत झाडं लावायचीत? मग आधी हे बघा

पहिलं म्हणजे सगळं रान सागानं भरू नका, पैसा हातात यायला पंचवीस-तीस वर्षं जातात राव, तोवर घर कशावर चालणार? उताराला आडवे समतल चर खणा, पाणी मुरलं की खालच्या विहिरींना पण फायदा अन् माती वाहून जात नाही. बांधाला मानवेल बांबू लावा, चौथ्या-पाचव्या वर्षापासून तोड मिळते, पण पावसाळ्यात तोडायचा नाही आणि कोवळ्या काठीला हात लावायचा नाही. २०१७ पासून खाजगी जमिनीतला बांबू वन कायद्यात झाड धरत नाहीत, साग तोडायला मात्र परवानगी लागतेच. मधे मधे मोह, आंबा, हिरडा ठेवा. नुसती निलगिरी लावली तर खाली फारसं काही उगवत नाही, गुरांनी काय खायचं मग?