मुलाला आधीपासून आजार असेल तर आरोग्य विमा कसा घ्यावा

दमा, अपस्मार, टाइप-1 मधुमेह, हृदयाला जन्मतः छिद्र, थॅलेसेमिया. मुलाच्या फाइलवर यातलं एखादं नाव आलं की विमा एजंटचा सूर बदलतो. कुणी म्हणतो, ‘अवघड आहे’, कुणी हळूच सुचवतो, ‘फॉर्ममध्ये लिहूच नका.’ दोघांचंही ऐकू नका. भारतात अशा मुलासाठी बरेच मार्ग आहेत, फक्त ते योग्य क्रमाने धरावे लागतात. पहिल्या दिवसापासून आजार झाकणारी योजना आधी मिळवायची आणि ती हाताशी असतानाच स्वतःच्या पॉलिसीचा वेटिंग पिरियड, म्हणजे जुन्या आजाराचा क्लेम मिळत नाही तो सुरुवातीचा काळ, सुरू करून टाकायचा.

1. कागद तारखेवार लावा

निदान कधी झालं, कुणी केलं, कोणती औषधं चालू आहेत, शेवटचं अ‍ॅडमिशन कधी होतं, हे सगळं एका पानावर लिहून काढा. त्यामागे रिपोर्ट आणि डिस्चार्ज समरी लावा. निदानाची तारीख सगळ्यात महत्त्वाची, कारण ‘आधीपासूनचा आजार’ ठरतो तो तिच्यावरून. विमा नियामक आयआरडीएआयच्या 2024 च्या नियमांनुसार पॉलिसी सुरू होण्याआधीच्या 36 महिन्यांत डॉक्टरांनी निदान केलेला, किंवा ज्यावर उपचार सुचवले वा घेतले गेले, असा आजार या व्याख्येत येतो. पॉलिसी घेताना कुणालाच माहीत नसलेलं छिद्र नंतरच्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) सापडलं, तर ‘जन्मजात आहे म्हणजे आधीपासूनचंच’ एवढ्यावर कंपनीचं भागत नाही. मात्र काही पॉलिसींत शरीराच्या आतल्या जन्मजात दोषांसाठी वेगळा वेटिंग पिरियड लिहिलेला असतो, तोही वाचा.

2. वाट पाहायला न लावणारं संरक्षण आधी

आईवडिलांपैकी कुणाच्या नोकरीत ग्रुप मेडिक्लेम (मालकाने कर्मचाऱ्यांसाठी एकत्र घेतलेला आरोग्य विमा) असेल, तर सुरुवात तिथून करा. अशा बहुतेक पॉलिसींत जुने आजार पहिल्या दिवसापासून झाकलेले असतात, नवजात बाळही. पण बाळाचं नाव एचआरकडे ठरलेल्या मुदतीत नोंदवावं लागतं, आणि ही मुदत अनेकदा महिनाभराचीच असते. बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) असताना ईमेल करायचं कुणाच्या डोक्यात येणार! म्हणून प्रसूतीआधीच मामा, काका अशा कुणावर तरी हे काम सोपवून ठेवा.

दुसरा मार्ग सरकारी. आयुष्मान भारतमध्ये पात्र कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात आणि जुन्या आजारांना वेटिंग पिरियड नाही. महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादाही 5 लाख झाली असून, 2024 पासून ती पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही खुली आहे. ‘ती योजना आपल्यासाठी नाही’ असं समजून अनेक मध्यमवर्गीय घरं विचारायलाही जात नाहीत. उपचार ठरावीक यादीतले आणि अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेल्या, रुग्णालयांतच मिळतात, म्हणून शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) गाठा आणि आपल्या मुलाचं ऑपरेशन यादीत आहे का ते विचारा.

अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येणारं पथक असतं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं. 2013 मध्ये हा कार्यक्रम सुरू झाला तो आपल्या पालघरमधून. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांमधले जन्मजात दोष, आजार, कमतरता आणि वाढीतला विलंब शोधून पुढचे उपचार, गरज असेल तर शस्त्रक्रियासुद्धा, मोफत करून देणं हे त्याचं काम. हा विमा नाही, पण दुभंगलेला ओठ, वाकडं पाऊल किंवा हृदयातलं छिद्र असेल तर आधी इथे चौकशी करावी.

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची ‘निरामय’ योजना बघा. नाममात्र शुल्कात वर्षाला 1 लाखापर्यंत संरक्षण मिळतं, आधी वैद्यकीय तपासणी होत नाही. खरी किंमत आहे ती ओपीडी आणि थेरपीच्या खर्चाला, कारण खासगी पॉलिसी तो सहसा देतच नाही. पैसे आधी आपण भरायचे आणि मग परत मिळवायचे असतात, तेव्हा प्रत्येक सेशनची सहीशिक्क्याची पावती घेत चला.

दुर्मीळ जनुकीय आजारांसाठी 2021 चं राष्ट्रीय धोरण आहे. त्यात ठरवून दिलेल्या केंद्रांमार्फत 50 लाखांपर्यंत मदत मिळू शकते. मुंबईचं केईएम रुग्णालय त्यांपैकी एक.

3. तरीही स्वतःची पॉलिसी घ्या

नोकरी सुटली की ग्रुप मेडिक्लेम सुटतो. आधीपासूनच्या आजारासाठी वेटिंग पिरियड आता जास्तीत जास्त 36 महिने असू शकतो, पूर्वी तो 48 होता. मूल चार वर्षांचं असताना पॉलिसी घेतली, तर सात वर्षांचं होईपर्यंत तो संपलेला असेल. तोवर ग्रुप किंवा सरकारी योजनेवर भागवायचं. कुटुंबाच्या फ्लोटरमध्ये (सगळ्यांची मिळून एकच पॉलिसी) बहुतेक कंपन्या बाळाला तीन महिन्यांनंतर घेतात.

कंपनी चारपैकी एक उत्तर देईल: जसंच्या तसं मान्य, जादा प्रीमियम लावून मान्य, ठरावीक आजार वगळून मान्य, किंवा नकार. तिसरं उत्तर आलं तर सही करण्याआधी थांबा. आजार वेटिंग पिरियडपुरता वगळलाय की कायमचा, हे लेखी विचारा. कायमचा असेल तर त्या आजाराच्या क्लेमसाठी पॉलिसी कधीच उपयोगी पडणार नाही. बाकी अपघात, डेंग्यू, अपेंडिक्स यांसाठी ती घ्यावी का, हा हिशेब वेगळा करा. मी तरी घ्या म्हणेन, पण आणखी एका कंपनीत विचारून झाल्यावरच.

मात्र एकदम पाच कंपन्यांत अर्ज टाकू नका. ‘याआधी कुणी विमा नाकारला आहे का?’ हा प्रश्न फॉर्मवर असतो आणि प्रत्येक नकार तिथे लिहावा लागतो. एजंटमार्फत रिपोर्ट पाठवून आधी अनौपचारिक मत घेता येतं, ते घ्या. आणि मुलाला 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल, तर त्यासाठीची खास पॉलिसी मागा. आयआरडीएआयने फेब्रुवारी 2023 मध्ये ती सर्व सामान्य आणि आरोग्य विमा कंपन्यांना बंधनकारक केली आहे.

4. फॉर्म स्वतः भरा

‘हृदयाचा त्रास’ एवढं लिहून सोडू नका. असं लिहा: ‘व्हीएसडी (हृदयाच्या खालच्या कप्प्यांमधल्या पडद्यातलं छिद्र), 3 मिमी, निदान मार्च 2023, सध्या औषध नाही, दर सहा महिन्यांनी इको, रिपोर्ट सोबत.’ नेमकं लिहिलेलं वाचून कंपनीचा डॉक्टर अनेकदा निवळतो, मोघम लिहिलेल्यावर तो सगळ्यात वाईट तेच धरतो. भरलेल्या फॉर्मची प्रत जपून ठेवा. पॉलिसी आल्यावर त्यात आजाराची नोंद तशीच उतरली आहे का ते तपासा. पटलं नाही तर 30 दिवसांच्या फ्री-लूक काळात परत करता येते.

आजार लपवला तर काय होतं? सलग 60 महिने पॉलिसी चालू राहिल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, माहिती दडवल्याच्या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. काही एजंट याच नियमावर भिस्त ठेवायला सांगतात. आजारी मूल पाच वर्षं दवाखान्याची पायरी चढणार नाही, असं गृहीत धरण्यासारखं आहे ते.

5. अ‍ॅडमिशनच्या वेळी केसपेपर वाचा

इथे चांगले-चांगले क्लेम अडकतात. रात्री दोनला निवासी डॉक्टर विचारतो, ‘दमा कधीपासून?’ आई दमलेली असते, म्हणते, ‘असेल चार-पाच वर्षं.’ केसपेपरवर उमटतं, ‘नोन केस ऑफ अस्थमा सिन्स 5 इयर्स’. पॉलिसी तीन वर्षांची आणि निदान दोन वर्षांपूर्वीचं असलं तरी त्या एका ओळीवर, दमा पॉलिसीच्या आधीपासूनचा धरून, नकार येऊ शकतो. म्हणून तारखेचं ते पान सोबत ठेवा आणि तेच दाखवा. चुकीचं लिहिलं गेलंच, तर डिस्चार्जआधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून दुरुस्ती आणि सही घ्या. घरी गेल्यावर ही दुरुस्ती महाकठीण.

कॅशलेसच्या (बिल कंपनीने थेट रुग्णालयाला देण्याच्या) विनंतीवर कंपनीने तासाभरात आणि डिस्चार्जच्या अंतिम बिलावर तीन तासांत निर्णय द्यायचा असतो. उशिरामुळे रुग्णालयाने जादा आकार लावला तर तो कंपनीने सोसायचा.

6. नकार आला तर

कारण लेखी मागा, पॉलिसीतल्या कलमासकट. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुण्याला कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही, आणि 50 लाखांपर्यंतची भरपाई लोकपाल देऊ शकतो. तक्रारीसोबत फॉर्मची ती जपलेली प्रत आणि पहिल्या निदानाचा रिपोर्ट सगळ्यात वर लावा.