'तुमची पिढी उधळी' म्हणणाऱ्या बाबांसोबत हिशोबाला बसायचं कसं

गणपतीत सगळे जमले की आमच्याकडे एक कार्यक्रम ठरलेला असतो. आरती झाली, मोदक झाले की काका माझ्या बुटांकडे बघणार आणि विचारणार, "केवढ्याचे?" खरी किंमत सांगितली तर मोठं लेक्चर, कमी करून सांगितली तर छोटं. मग आत्या सुरू होणार की आमच्या वेळी वर्षातून एकदा दिवाळीला कपडे, तेही एकाच ताग्यातून सगळ्या भावांचे शर्ट, बँडवाल्यांसारखे. यात बाबा काही बोलत नाहीत, फक्त मान हलवतात, आणि ते जास्त लागतं.

तीन-चार वर्षं मी तिथेच सगळ्यांसमोर भांडलो, काही उपयोग झाला नाही कारण पाहुण्यांसमोर कोणीच माघार घेत नाही, ना ते ना आपण. मग पद्धत बदलली, तीच सांगतो.

पहिलं म्हणजे वेळ. सणाचा दिवस नको, रात्री बातम्या चालू असताना तर नकोच. रविवारी सकाळी पोहे-चहा झाला की बसायचं, फक्त बाबा आणि आपण, आणि समोर वही. वही म्हणजे खरी वही, मोबाईलवर एक्सेल उघडलंत की विषय मोबाईलवर जातो.

पण त्याआधी स्वतःचा होमवर्क करा, हे टाळू नका. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढा. आपलं सगळं यूपीआयवर असल्यामुळे वडापावपासून सगळं त्यात दिसतं. प्रत्येक एंट्री एका खान्यात टाका: भाडं, घरी पाठवलेले, प्रवास, खाणं, कपडे, हप्ते, आणि शेवटचा खाना 'काय घेतलं आठवत नाही'. माझा शेवटचा खाना कपड्यांपेक्षा मोठा निघाला. रात्री अकराला ॲपवरून मागवलेलं आईस्क्रीम, त्यावर डिलिव्हरी चार्ज, तीन ओटीटी ज्यातला एक मी कित्येक महिने उघडलाच नव्हता. हे आधी स्वतः बघितलेलं बरं, बाबांनी बोट ठेवून दाखवल्यावर चेहरा लपवता येत नाही.

आता कॉफी. हा टोमणा फक्त आपल्याकडेच नाही, २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या टिम गर्नर नावाच्या बिल्डरने तिथल्या पोरांना ॲव्होकाडो टोस्ट आणि महागड्या कॉफीवरून सुनावलं होतं आणि जगभर हसं झालं. तिकडे टोस्ट, इकडे कॅफेतली २५० ची कॉफी. तर वहीत लिहा, महिन्याला चार कॉफी म्हणजे १००० आणि वर्षाला १२,०००. खाली लिहा पुण्यातला ८० लाखांचा साधा टूबीएचके. बँक २० टक्के तुम्हीच भरा म्हणते ते १६ लाख, त्यावर ७ टक्के स्टॅम्प ड्युटी ५ लाख ६० हजार, ३० हजार रजिस्ट्रेशन. झाले जवळजवळ २२ लाख, अजून पार्किंग वगैरे धरलंच नाही. आता भागाकार बाबांनाच करू द्या. कॉफी सोडून हे पैसे जमायला १८० वर्षांच्या वर लागतात. माझे बाबा उत्तर बघून पहिल्यांदा हसले होते, आणि मग म्हणाले तरी २५० जास्तच आहेत, जे खरंय.

यानंतर त्यांच्या कपाटातली फाईल मागा. हळू मागा, ती फाईल म्हणजे त्यांचं आयुष्य असतं. त्यात बहुतेक किसान विकास पत्र, म्हणजे पोस्टातली बचत योजना, सापडेल. ही योजना १९८८ मध्ये आली तेव्हा पैसे साडेपाच वर्षांत दुप्पट व्हायचे. आता तेच पत्र घ्या, ७.५ टक्क्यांनी दुप्पट व्हायला ११५ महिने, म्हणजे साडेनऊ वर्षांच्या वर. पीपीएफवर, म्हणजे लांब मुदतीच्या सरकारी बचत खात्यावर, १२ टक्के मिळायचे, १ एप्रिल २०२० पासून ७.१ वर आहे. त्यांनी पोस्टात टाकून विसरून जायचं तरी वाढायचे, आपण पोस्टात टाकून विसरलो तर तेवढ्या वेगाने वाढत नाहीत, म्हणून आपल्या पिढीला एसआयपीच्या (दर महिन्याला म्युच्युअल फंडात ठरलेली रक्कम) मागे लागावं लागतं, हौस म्हणून नाही. आणि बाबा सरकारी नोकरीत असतील तर पेन्शन. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्या बहुतेकांना जुनी पेन्शन नाही, खाजगीवाल्यांचं तर बोलायलाच नको.

इथे एक पथ्य पाळा, 'तुम्हाला सगळं सोपं होतं' हे वाक्य तोंडातून काढू नका. सोपं नव्हतं. नव्वदच्या दशकात गृहकर्जाचं व्याज आत्ताच्या जवळपास दुप्पट होतं, पगार तुटपुंजा, त्यात बहिणींची लग्नं आणि गावाला मनीऑर्डर. हेही वहीत लिहा, तेही त्यांनाच विचारून. माझ्या बाबांनी पहिला पगार कुठे कुठे गेला ते रुपयापर्यंत सांगितलं. मला हे कधीच माहीत नव्हतं.

कपड्यांचा मुद्दा शेवटी घ्या आणि जपून घ्या. जुना अल्बम काढलात तर अर्धं काम होतं. बाबांचा कॉलेजचा फोटो बघा, बेलबॉटम, कानावर आलेले केस, कॉलर खांद्यापर्यंत. त्यावर आजोबा म्हणायचे, रस्ता झाडत जातोस का! आणि आता त्याच पँटी तुळशीबागेजवळ परत टांगलेल्या दिसतात. हिशोबाला मात्र एकच रीत वापरा, किंमत भागिले किती वेळा घातलं. माझे बूट ३००० चे, २०० दिवस घातले, दिवसाला १५ रुपये. मी हीच रीत आईच्या शालूला लावून दाखवली, एका लग्नात आणि एका मुंजीत नेसलेला, आणि त्या दिवशी मला चहा स्वतः करून घ्यावा लागला. शालूला हिशोब लावायचा नसतो. तसंच बहिणीच्या ऑक्सिडाइज्ड नथीला 'खोटं' म्हणणाऱ्यांना दागिन्यांची घडणावळ आणि त्यावरचा जीएसटी ऐकवायचा मोह होतो, तोही आवरा, सोनं अडीअडचणीला गहाण टाकता येतं आणि ऑक्सिडाइज्डवर कोणी दमडी देत नाही, हे त्यांचं म्हणणं बरोबरच आहे.

आणि आता जिथे ते खरोखर बरोबर आहेत तिथे मान्य करा, कारण याशिवाय ही बैठक दुसऱ्यांदा होत नाही. फोनचा हप्ता, बुटांचा हप्ता, 'पे लेटर' (आत्ता घ्या, नंतर भरा), आणि क्रेडिट कार्डवर फक्त मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरणं, ज्याचं व्याज महिन्याला तीन-साडेतीन टक्के लागतं. अंथरूण पाहून पाय पसरा हे ऐकून कंटाळा येतो पण इथे लागू पडतं. माझ्या मते त्याहून वाईट एक गोष्ट आहे जी घरी कोणाला दिसतच नाही, कारण तिची पिशवी घरी येत नाही: एफअँडओ, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शन्स, शेअर बाजारात भाव पुढे वर जाईल की खाली यावर केलेले सौदे. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं की तीन वर्षांत त्यात उतरलेल्या साध्या लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. आणि हे सौदे करणाऱ्यांमध्ये तिशीच्या आतल्यांचं प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ वर गेलं. काका बुटांवर नजर ठेवून असतात, आणि त्यांचाच मुलगा ऑफिसच्या बाथरूममध्ये बसून ऑप्शन विकत असतो (हे मी त्यांना सांगितलेलं नाही). त्यामुळे वहीत एक ओळ याची पण ठेवा आणि खरी लिहा.

शेवटी एक छोटी गोष्ट ठरवून उठा, मोठी नको. आमचं असं ठरलं की पगाराच्या दुसऱ्या दिवशी एसआयपी जाणार, हप्त्यावर काही घ्यायचं तर आधी बाबांना सांगायचं (विचारायचं नाही, सांगायचं), आणि बाकी पैशांवर प्रश्न नाहीत. दर तीन महिन्यांनी वही उघडतो. एकदा बाबांनीच त्यांच्या एका जुन्या पॉलिसीचा हिशोब पुढे केला, एवढी वर्षं भरून व्याज किती पडलं बघ म्हणाले. ती त्यांनी ओळखीतल्या एजंटाला नाही म्हणता आलं नाही म्हणून घेतली होती.

यंदा गणपतीत काकांनी विचारलं, केवढ्याचे. मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "दिवसाला पंधरा रुपये पडतात." काकांना काही कळलं नाही, मग ते माझ्या फोनकडे बघायला लागले.