प्रक्रिया केलेले सांडपाणी भाजीपाल्याला देताना या चुका टाळा

पुणे शहराचे सांडपाणी प्रक्रियेनंतर नदीत येते, मुंढव्याच्या जॅकवेलमधून (नदीकाठच्या उपसा विहिरीतून) उचलले जाते आणि जुन्या मुठा उजव्या कालव्याने, म्हणजेच ‘बेबी कालव्या’ने, हवेली-दौंडच्या शेतीला मिळते. वाटेत नदीत प्रक्रिया न झालेले मैलापाणीही मिसळत असल्यामुळे, प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडतानाचा दर्जा बांधावरही कायम असेल असे गृहीत धरणे ही पहिली चूक. पाणी नितळ आहे, वास येत नाही, एवढ्यावर तर मुळीच विसंबू नये. बीओडी (सेंद्रिय घाण कुजताना लागणारा प्राणवायू) कमी असल्याने सेंद्रिय घाण कमी असल्याचे कळते, जंतूंचा अंदाज येत नाही. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये १०० मिलिलिटरमागे कमाल १,००० विष्ठाजन्य कोलिफॉर्म जिवाणू आणि लिटरमागे कमाल एक कृमी-अंडे अशी मर्यादा सुचवली होती. तपासणीचा नमुना आपल्या शेतात पडणाऱ्या पाण्याचाच घ्यावा.

सर्वांत महागात पडणारी चूक मात्र काढणीच्या वेळी होते. शेवटचे पाणी दिल्यानंतर ऊन आणि कोरडी हवा मिळाली, तर पानांवरील जंतू हवामानानुसार दिवसाला एक तृतीयांश ते एक शतांश इतकेच उरतात. म्हणून काढणीपूर्वी काही दिवस पाणी तोडणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. पण मेथी-कोथिंबिरीच्या मुळांची माती घालवण्यासाठी आणि जुडी टवटवीत दिसावी म्हणून ती त्याच कालव्यात बुचकळली, की हे सगळे दिवस वाया जातात. जुड्या स्वच्छ पाण्यानेच धुवाव्यात. पालेभाज्यांवर तुषार सिंचनही नको.

ठिबक वापरल्यास पाणी पानांना लागत नाही, मात्र ओळीच्या टोकाची रोपे सुकू लागली, की तोट्या तुंबल्याचे समजावे. लॅटरलचे (ओळीतल्या ठिबक नळीचे) टोक उघडल्यावर काळपट, बुळबुळीत गाळ निघत असेल, तर स्वच्छ पाणी येईपर्यंत नळ्या फ्लश कराव्यात, सँड फिल्टर उलट प्रवाहाने धुवावा आणि त्यापुढे डिस्क फिल्टर आहे ना, ते पाहावे. नळ्या साफ करण्यासाठी वापरले जाणारे क्लोरीन आणि आम्ल एकाच टाकीत कधीही मिसळू नयेत. विषारी वायू तयार होतो, आणि ही चूक पिकावर नव्हे, माणसावर बेतते.

पीक काळपट हिरवे माजले, फुलोरा लांबला, मावा वाढला, तर खताचा हिशेब चुकला आहे. पाण्यात लिटरमागे २० मिलिग्रॅम नत्र असेल, तर दहा लाख लिटरमधून २० किलो नत्र, म्हणजे युरियाच्या ४५ किलोच्या जवळपास एका गोणीइतके, जमिनीला आधीच मिळालेले असते. तेवढा युरिया कमी करावा. पानांच्या कडा करपत असतील, तर क्षारता मोजावी. ईसी (विद्युतवाहकता, क्षारतेचे माप) ३ डेसिसायमन प्रतिमीटरच्या वर गेल्यास हे पाणी चांगल्या पाण्यात मिसळून द्यावे आणि भारी काळ्या जमिनीत निचऱ्याचे चर आधी काढावेत.