आजारी रोपाची गुणसूत्रं बघायला निघालात?

विषाणूने झाडाच्या गुणसूत्रांचं काय होतं, हा विषय घेतला तेव्हा पहिल्याच महिन्यात मला ‘शोध’ लागला होता. लागण झालेल्या बार्लीच्या मुळांच्या टोकांत गुणसूत्रं पेशीभर विखुरलेली, ओळीत एकही नाही. वहीत ‘विषाणूचा परिणाम’ असं लिहून मी मोकळा. मार्गदर्शकांनी एवढंच विचारलं, “निरोगी रोपाची स्लाइड कुठंय?” केलीच नव्हती. केली, तर तिच्यातही तोच पसारा!

दोष मुळांना आधी दिलेल्या कोल्चिसिन या रसायनाचा. ते तर्कूतंतू, म्हणजे पेशी विभागताना गुणसूत्रं ओळीत लावून ओढणारे धागे, बनूच देत नाही. गुणसूत्रं मोजायची असतील तर ते किंवा त्यासारखं काही हवंच. पण पेशी विभागताना मागे राहिलेली गुणसूत्रं किंवा दोन टोकांमध्ये ताणलेले त्यांचे पूल शोधायचे असतील तर मुळं थेट अल्कोहोल-अ‍ॅसेटिक आम्लाच्या ३:१ मिश्रणात टाकायची. हे पुस्तकात होतं, मी वाचलंही होतं.

स्लाइड दाबताना अंगठा सरळ खाली. कव्हरस्लिप जराशी सरकली की शेजारच्या पेशीतलं गुणसूत्र इकडे येतं आणि बार्लीची १४ ची १५ होतात. असे पंधरावे पाहुणे मी बरेच मोजलेत.

तुलनेचं रोपही विचार करून निवडा. लागण करताना पानं कार्बोरंडमच्या खरखरीत भुकटीने घासून रस लावतात; त्याचीही तशीच घासायची, फक्त रसात विषाणू नको. नाहीतर जखमेचा परिणाम विषाणूच्या नावावर जातो. आणि त्याच रोपाचं निरोगी दिसणारं पान तुलनेला घेऊ नका. तंबाखूवरच्या २००३ सालच्या प्रयोगात मोझॅक विषाणू एका पानाला दिला, तर तो न पोचलेल्या भागांतही डीएनएचं पुनर्संयोजन वाढलेलं आढळलं.

मुळाच्या टोकाचा हट्टही सोडा. स्लाइड सोपी होते म्हणून सगळे तिथेच जातात, पण वाढत्या टोकाच्या अगदी शेंड्यात बरेच विषाणू पोचतच नाहीत. बार्लीच्या पट्टेरी मोझॅक विषाणूची मोठी गंमत पुढच्या पिढीत आहे: लागण झालेल्या रोपांच्या संततीत २१ गुणसूत्रांची त्रिगुणित (दोनऐवजी तीन संचांची) रोपं जास्त निघतात, हे १९७३ साली प्रसिद्ध झालंय. तेव्हा बी पेरा, थांबा, मग मोजा.

जेमिनी विषाणू मात्र वेगळं प्रकरण, आणि माझं आवडतं. या डीएनए-विषाणूंकडे डीएनएची नक्कल करणारं विकर, डीएनए पॉलिमरेज, नसतं. मग त्यांचं ‘रेप’ प्रथिन पानातल्या विभाजन थांबवलेल्या पेशीचा लगाम, म्हणजे रेटिनोब्लास्टोमासारखं प्रथिन, धरून ठेवतं आणि पेशी पुन्हा डीएनए बनवू लागते. इथे तुटलेलं गुणसूत्र शोधत बसू नका. केंद्रकाचा आकार आणि आतल्या धाग्यांची घट्ट गुंडाळी बघा.

आता मोजायला बसण्याआधी मी स्लाइडवरची नावं मित्राकडून कागदाने झाकून घेतो. पहिल्यांदा तसं केलं तेव्हा माझे ‘विषाणूचे’ निम्मे पूल निरोगी रोपांत निघाले.